अध्यक्ष बदलताना निवेदनांच्या फायली कशा सांभाळाव्यात

अध्यक्ष बदलला की आमच्याकडे सगळ्यात आधी लेटरहेड बदलतं, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा डीपी, आणि मग मंत्रालयात सदिच्छा भेट ठरते. त्या भेटीत नवे अध्यक्ष उत्साहाने निवेदन देतात आणि समोरचे अधिकारी शांतपणे विचारतात, "तुमच्याच संघटनेचं याच विषयावरचं आधीचं निवेदन आहे, ते मागे घेताय का?" त्या खोलीत आधीचं निवेदन वाचलेला माणूस बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो.

मी बांधकाम व्यावसायिकांच्या एका शहर संघटनेची कार्यालय सचिव. निवडून येणारे सगळे साहेब, मी पगारी. ते बदलतात, मी राहते. माझ्यासारख्या खुर्चीत नव्याने बसलेल्यांसाठी हे लिहितेय. मार्चअखेर पद सोडणाऱ्या साहेबांनी वाचलं तरी हरकत नाही.

पदग्रहणाच्या दीड-दोन महिने आधी प्रलंबित विषयांची वही काढा. एक्सेल चालेल, पण छापून सहीसकट ठेवा. प्रत्येक विषयासमोर मागणी काय, नियमाचा क्रमांक कोणता, निवेदन कोणत्या कार्यालयात दिलं, आवक क्रमांक आणि तारीख काय, आणि फाईल आज कुठल्या टेबलावर आहे, एवढं हवं. पुष्पगुच्छ देतानाचा फोटो पोच म्हणून चालत नाही. पोच नसेल तर मावळत्या अध्यक्षांना पद सोडण्यापूर्वी एकदा पाठवा आणि शिक्का मारून आणायला सांगा. नंतर ते फोन उचलतात, जात नाहीत.

वहीत आणखी एक रकाना हवा, शेवटच्या तारखेचा. 2020 मध्ये सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली: 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबरपर्यंत दर 3 टक्क्यांनी कमी, पुढे 31 मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी कमी. जानेवारी 2021 मध्ये बांधकाम मंजुरीसाठी भरायच्या प्रीमियममध्ये 50 टक्के सूट मिळाली, तीही त्या वर्षअखेरीपर्यंतच, आणि ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकासकाने भरायच्या अटीवर. सवलत मिळाली की सत्कार होतात, मुदत मात्र कुणाच्याच डायरीत नसते. मुदतवाढ मागायची तर ती संपायच्या निदान तीन महिने आधी आकडे तयार हवेत. त्या तीन महिन्यांत नेमका अध्यक्ष बदलत असेल, तर विषय दोघांच्याही नावावर लिहा.

रेडी रेकनरचंही, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं त्या जमीन-घरांच्या दरांचंही, तेच. नवे दर 1 एप्रिलला लागू होतात आणि आमच्याकडे नवे अध्यक्षही त्याच सुमारास येतात. म्हणजे ते खुर्चीत बसेपर्यंत वर्षाचा विषय संपलेला असतो. म्हणून दिवाळीनंतर लगेच मूल्यविभागनिहाय (एक दर लागणाऱ्या भागानुसार) तक्रारी गोळा करायच्या आणि त्या बैठकांना नियोजित अध्यक्षांना बरोबर न्यायचं. "दर वाढवू नका" एवढंच लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही. अमुक मूल्यविभागात रस्त्यालगतची आणि आतली जमीन एकाच दराने धरली आहे, हे पाहा प्रत्यक्ष नोंदलेले दस्त, असं लिहिलं की निदान चर्चा होते.

आता सरकारी नोटिशींवरच्या हरकती-सूचना. हा आमच्या कामाचा गाभा आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त ढिलाई. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नियम, डिसेंबर 2020 मध्ये आली, तेव्हापासून तिच्यात सतत फेरबदल चालू आहेत. फेरबदलाची नोटीस बहुधा नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37(1कक) खाली निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. अनेकदा तीच सुधारणा कलम 154 च्या निदेशांनी, म्हणजे सरकारच्या थेट आदेशांनी, लगेच लागूही होते. मग सभासद म्हणतात, लागू झालीच आहे, आता काय लिहायचं? लिहायचंच. अंतिम मंजुरी बाकी असते आणि तीत शब्द बदलू शकतात. बदल आपल्या फायद्याचा असेल तरी पाठिंब्याचं पत्र द्या, नाहीतर रेकॉर्डवर फक्त विरोध राहतो.

पत्र सरकारी नोटिशीसारखंच तक्त्यात करा: विद्यमान तरतूद, प्रस्तावित तरतूद, आपण सुचवलेला मजकूर, कारण. तिसऱ्या रकान्यात नियमाचा पूर्ण शब्द लिहा, "शिथिलता मिळावी" असं नको. टिपणी लिहिणाऱ्याला उचलून ठेवता येईल असा मजकूर आयता मिळाला पाहिजे. पत्र नोटिशीत नाव असलेल्या अधिकाऱ्याकडेच जाऊ द्या, बहुधा ते विभागाचे सहसंचालक, नगररचना असतात. मंत्र्यांना प्रत द्यायला हरकत नाही, पण सुनावणी सहसंचालकांकडे होते. सुनावणीला आर्किटेक्ट न्या, आणि ज्याने मसुदा केला तोच न्या, पद गेलेलं असलं तरी. नव्या कार्यकारिणीला हे जड जातं, मला माहीत आहे.

आकड्यांसाठी सभासदांच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पनिहाय माहिती असते, तिथून काढा. अधिकारीही तिथेच तपासणार आहेत.

बैठकीत काय बोलायचं नाही, हेही नव्या अध्यक्षांना पहिल्याच दिवशी सांगा. फ्लॅटचे दर, कुणी किती सूट द्यायची, कुठे काम घ्यायचं नाही, हे विषय इतिवृत्तात नकोत आणि चहाच्या टेबलावरही नकोत. 2012 मध्ये स्पर्धा आयोगाने संगनमताने दर ठरवल्याबद्दल सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तेव्हा त्यांच्या उत्पादक संघटनेलाही सोडलं नव्हतं. तक्रार केली होती बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने. उद्या कुणी आपलीही करू शकतो.

ग्राहक आणि विकासक यांच्यातले वाद समजुतीने मिटवणाऱ्या महारेराच्या सलोखा मंचावर संघटनेतर्फे कुणी बसत असेल, तर अध्यक्ष बदलला म्हणून त्यांना मधेच बदलू नका. चालू प्रकरणं संपू द्या. समोर घर अडकलेलं कुटुंब असतं, त्यांना आमच्या पॅनेलच्या राजकारणाशी काय करायचंय!

राहिलं कागदपत्रांचं. संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर बदल झाल्यापासून 90 दिवसांत सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, दाखल करायचा. कंपनी कायद्याच्या कलम 8 ची (ना-नफा) कंपनी असेल तर संचालक बदलाचा डीआयआर-12 फॉर्म तीस दिवसांत. हे राहिलं की बँक सह्या बदलून देत नाही, आणि निवडणूक हरलेल्या गटाला आयता मुद्दा मिळतो. सभेची नोटीस, हजेरीपट आणि ठराव त्याच आठवड्यात वकिलांकडे द्या. संघटनेचा ईमेल मावळत्या अध्यक्षांच्या पीएच्या मोबाईलशी जोडलेला असेल, तर समारंभाचा हॉल सोडण्यापूर्वी ओटीपी मागून नंबर बदलून घ्या.