एकाच सॉकेटवर अनेक थ्रेड: या चुका टाळा

हर्णे बंदरावर संध्याकाळी होणाऱ्या लिलावातले मासळीचे भाव दापोलीच्या एका दुकानातील पडद्यावर दाखवणारा छोटा जावा प्रोग्राम मी लिहिला होता. एक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) माशाचे नाव आणि भाव सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकावर, वेगवेगळ्या संदेशांत लिहीत असे, आणि जोडणी जिवंत आहे हे कळावे म्हणून दुसरा थ्रेड त्याच सॉकेटवर दर 10 सेकंदांनी चार शून्य बाइट पाठवत असे. काही दिवस हे सुरळीत चालले आणि मग ऐन लिलावात दापोलीचा प्रोग्राम ‘निगेटिव्ह ॲरे साइझ एक्सेप्शन’ (ॲरेची लांबी ऋण असल्याची चूक) देऊन बंद पडला.

प्रत्येक संदेशात आधी चार बाइटांत लांबी आणि मागोमाग मजकूर असे. ‘सुरमई’ हा शब्द यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, 15 बाइटांचा होतो. पहिल्या थ्रेडने 15 हा आकडा लिहिला, पण मजकूर लिहिण्याआधीच दुसऱ्याची चार शून्ये मध्ये घुसली. वाचणाऱ्याने ती शून्ये आणि नावाचे पहिले 11 बाइट मिळून 15 मोजले आणि उरलेले चार बाइट पुढच्या संदेशाची लांबी म्हणून घेतले. यूटीएफ-8 मधील देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा सर्वांत वरचा बिट 1 असतो, त्यामुळे ती लांबी ऋण निघाली. नाव रोमन लिपीत असते तर लांबी जवळजवळ दोन अब्ज भरली असती, मेमरी अपुरी पडल्याची चूक दिसली असती, आणि मी बहुधा मेमरीच वाढवत बसलो असतो.

सॉकेटखालच्या टीसीपी या नेटवर्क नियमावलीला संदेश कळत नाहीत, फक्त बाइटांचा प्रवाह कळतो. म्हणून प्रत्येक राइटला वेगळे लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) लावून उपयोग नाही. लांबी, मजकूर आणि फ्लश (साठलेले बाइट पुढे ढकलणे) हे तिन्ही एकाच सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच लॉकखाली हवेत. मात्र तेच लॉक वाचनालाही लावणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण वाचणारा थ्रेड लॉक धरून वाट पाहत बसतो आणि लिहिणाऱ्याची पाळी येतच नाही. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, याला सॉकेटची हरकत नसते.

वादळी पावसात समोरची वीज गेली, की जोडणी तुटल्याचा निरोपही येत नाही आणि वाचणारा थ्रेड अडकून राहतो. साध्या थ्रेडला इंटरप्ट केल्याने, म्हणजे थांबण्याचा इशारा दिल्याने, तो सुटत नाही. जावा 21 मधील व्हर्च्युअल थ्रेडची (जावाच सांभाळते अशा हलक्या थ्रेडची) गोष्ट वेगळी, तो इंटरप्टने सुटतो. सॉकेटच्या ‘सेट एसओ टाइमआउट’ या मेथडने वाचनाला 30 सेकंदांची मर्यादा घालावी, पण संदेश अर्धवट वाचून झाल्यावर मुदत संपली, तर पुन्हा वाचू नये, नव्याने जोडावे. ही मर्यादा लिहिण्याला लागू होत नाही. लिहिणारा लॉक धरून अडकला असेल, तर ते लॉक न मागता तिसऱ्या थ्रेडने थेट सॉकेट बंद करावे, म्हणजे अडकलेल्याला सॉकेट एक्सेप्शन मिळून तो सुटतो. सॉकेटऐवजी बफर्ड आउटपुट स्ट्रीम (बाइट आधी साठवून मग पाठवणारा लिहिण्याचा मार्ग) बंद करायला गेलात, तर ती आधी फ्लश करू पाहते आणि बंद करणाराही त्याच रांगेत अडकतो.