जळगावच्या मे महिन्यात सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोप

स्टॉर्म, म्हणजे हजारो फ्रेममध्ये लुकलुकणाऱ्या रंगरेणूंच्या जागा टिपून बारीक चित्र जोडणारा मायक्रोस्कोप, बांधायला निघालात म्हणजे आबेची मर्यादा (साध्या मायक्रोस्कोपला याहून बारीक दिसत नाही ती), लुकलुकणारे रंगरेणू, २०१४चं नोबेल हे सगळं तुमचं वाचून झालं असणार. मला चार महिने ज्याने रडवलं तेवढंच सांगते : ड्रिफ्ट, म्हणजे चित्र घेताना नमुन्याचं हळूहळू सरकणं.

मे महिना, जळगाव. लॅबचा एसी दर काही मिनिटांनी बंद-चालू व्हायचा आणि माझी प्रत्येक मायक्रोट्यूब्यूल (पेशीतली बारीक नलिका) दुहेरी दिसायची. आधी अँटिबॉडी बदलली, मग बफर, मग थंडरस्टॉर्म या सॉफ्टवेअरच्या सेटिंग. दोष होता ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग, धरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या खांबात.

हिशेब आजच करा, मी फार उशिरा केला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. १० सेंटिमीटरचा खांब एका अंशात २.३ मायक्रॉन, म्हणजे २,३०० नॅनोमीटर. आपल्याला अचूकता हवी २० नॅनोमीटरची! साध्या फोटोत हे कळत नाही, तो क्षणात निघतो. आपल्या २०,००० फ्रेम ३० मिलिसेकंदांनी घेतल्या तरी १० मिनिटं लागतात. तेवढ्यात एसी एकदा थांबून पुन्हा सुरू होतो, नमुना दोन टोकांना रेंगाळतो आणि एका नलिकेच्या दोन होतात.

एमआयडीसीत प्लेट करून घ्यायला गेले, तेव्हा लेथवरचे काका सहज बोलून गेले, "ऊनमा लोखंड बी वाढस, ताई." चार महिन्यांत मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून म्हणते, मोठ्या नावाच्या गाईडमागे धावू नका. ज्याने स्वतः स्क्रू फिरवलेत असा माणूस धरा.

ऑब्जेक्टिव्ह आणि नमुना एकाच आखूड, जाड पोलादी ठोकळ्यावर बसवा. एसीचा झोत टेबलावर नको, भोवती बंद पेटी करा. सगळं सुरू करून दोन-तीन तास थांबा. कव्हरस्लिपवर १०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण टाका आणि पेशी लावण्याआधी तासभर फक्त तेच पाहा. "ड्रिफ्ट नंतर सॉफ्टवेअरने काढू" हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. आडवं सरकलेलं ते जागेवर आणेल, पण फोकस सुटलेल्या फ्रेममधली माहिती गेली ती गेलीच.

लेसरच्या बाबतीत मात्र माझं ऐकाच. अंगठी, घड्याळ काढा, डोळे किरणाच्या उंचीवर कधीही आणू नका. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा किरण फिका दिसतो, तरी डोळा घालवतो.

पण घाबरून सोडू नका. मला ऑप्टिक्सचा एक पेपर दोनदा द्यावा लागला होता, तरी हे जमलं. जुलैत एका संध्याकाळी सोन्याचे कण तासभर हलले नाहीत. त्याच रात्री ताजा बफर करून पेशी लावल्या. नलिका एकेरी आली.