डीव्हीआरच्या पेटंट भांडणावर बोलताय? मग या चुका टाळा

सेट टॉप बॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी बरीच वर्षं गेली, आणि टीव्हो विरुद्ध एकोस्टार, म्हणजे डीव्हीआर (चालू टीव्ही डिस्कवर रेकॉर्ड करणारा, थांबवणारा बॉक्स) बनवणाऱ्या टीव्होने सॅटेलाइट टीव्हीवाल्या एकोस्टारवर भरलेला अमेरिकेतला पेटंट खटला, हा विषय चहाच्या टपरीवर निघाला की दर वेळी तेच ते ऐकायला मिळतं. कोणी म्हणतं टीव्होने पॉज बटणाचं पेटंट घेतलं होतं, कोणी म्हणतं सुप्रीम कोर्टाने टीव्होला जिंकवलं, आणि एक जण तर शपथेवर सांगत होता की आपल्या डिश टीव्हीने म्हणे अमेरिकेत पन्नास कोटी डॉलर भरले. तर आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

डिश टीव्हीवाली चूक सगळ्यात सोपी, ती आधी निपटवू. आपला डिश टीव्ही म्हणजे झीवाल्या सुभाष चंद्रांच्या ग्रुपने २००३ मध्ये सुरू केलेला. केस झाली ती चार्ली अर्गनच्या अमेरिकन कंपनीवर, नाव सारखं पण नातं काही नाही. त्यातही गोंधळ असा की खटला भरला तेव्हा त्या कंपनीचं नाव एकोस्टार कम्युनिकेशन्स होतं, २००८ च्या सुरुवातीला तिचं डिश नेटवर्क झालं आणि बॉक्स बनवायचा धंदा वेगळा काढून त्याला एकोस्टार कॉर्पोरेशन नाव दिलं. त्यामुळे जुन्या कागदात एकोस्टार, नव्या बातमीत डिश, आणि वाचणाऱ्याला वाटतं दोन वेगळ्या केसेस आहेत.

आता पॉज बटण. पेटंटचं नुसतं शीर्षक वाचून मत बनवू नका, ही चूक मी स्वतः केलेली आहे. पेटंट नंबर ६२३३३८९, अर्ज ३० जुलै १९९८ चा, मिळालं मे २००१ मध्ये, आणि शीर्षक आहे 'मल्टिमीडिया टाइम वॉर्पिंग सिस्टिम'. असलं भारी नाव वाचून माणसाला वाटणारच की यांनी थेट टीव्ही थांबवायची कल्पनाच खिशात घातली. पण हक्क असतो तो शेवटी नंबर घालून दिलेल्या क्लेममध्ये. क्लेम ३१ वाचलात तर तिथे पॉज बटण नाहीच, तिथे आहे प्लंबिंग: येणारा डेटा घेऊन त्यातला व्हिडिओ ऑडिओ ओळखायचा, एका ऑब्जेक्टने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका तुकड्याने, तो बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) भरायचा, दुसऱ्याने डिस्कवर लिहायचा आणि वाचायचा, तिसऱ्याने पडद्याकडे पाठवायचा, आणि भरणाऱ्याचा वेग लिहिणाऱ्याने आपोआप आवरायचा. घरच्या गच्चीवरची टाकी आठवा, पाणी वर आलं की बॉल व्हॉल्व्ह नळ बंद करतो ना, अगदी तसंच.

'ओळखायचा' हा शब्द जरा जवळून बघू, कारण पुढचं सगळं महाभारत त्याच्यावरच झालं. सॅटेलाइटवरून चॅनल येतो तो आधीच डिजिटल, १८८ बाइटच्या पॅकेटांत. ती पॅकेटं डिस्कवर ओतायला अक्कल लागत नाही, अक्कल लागते ती तुम्ही फॉरवर्ड दाबल्यावर, कारण तेव्हा बॉक्सला कळायला हवं की पुढचं पूर्ण चित्र नेमकं कुठल्या बाइटपासून सुरू होतंय. एमपेगमध्ये, म्हणजे डिजिटल व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत, त्यासाठी खूण असते: शून्य, शून्य, एक असे तीन बाइट, आणि त्यांच्या पुढचा बाइट सांगतो की इथे चित्र आहे की आणखी काही. ही खूण शोधत जायचं आणि तिची जागा एका टेबलात टिपून ठेवायची. आमच्याकडे एकदा हे टेबल एका पॅकेटने चुकत होतं, तर फॉरवर्ड केल्यावर बॅट्समनच्या जागी हिरवे चौकोन दिसायचे, दोन रात्री गेल्या तो बग शोधायला.

एकोस्टारने ज्यूरीपुढे हरल्यावर बॉक्समधून नेमकं हेच काढून टाकलं. खूण शोधणं बंद, त्याऐवजी चित्र साधारण किती अंतरावर असेल याचा आकडेमोडीने अंदाज. आणि टाकीचा व्हॉल्व्हही काढला, म्हणजे बफर भरला तरी थांबायचं नाही, डेटा गेला तर गेला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पंधरा इंजिनिअर आणि आठ हजार तास लागले, वर बाहेरच्या लॉ फर्मकडून लेखी मत घेतलं की आता उल्लंघन होत नाही. इंजिनिअर म्हणून सांगतो, मला त्यांची कीव येते, चांगला चालणारा कोड मुद्दाम जरा वाईट करायचा हे काम कोणाच्या वाट्याला येऊ नये.

एवढं करूनही ते का अडकले? इथे बहुतेक लोक चुकतात, त्यांना वाटतं नवीन डिझाइनसुद्धा पेटंटमध्ये बसत होतं म्हणून. तसं नाहीये. टीव्होने केस टाकली जानेवारी २००४ मध्ये टेक्सासमधल्या मार्शलला, ज्यूरीने एप्रिल २००६ मध्ये सांगितलं की उल्लंघन झालंय आणि तेही जाणूनबुजून, साधारण ७ कोटी ४० लाख डॉलर द्या. मग जज डेव्हिड फॉल्सम यांनी मनाईहुकूम काढला, त्यात दोन गोष्टी होत्या. एक, यापुढे उल्लंघन करू नका. दोन, डीपी ५०१, ५०८, ५१० अशी आठ मॉडेलं नाव घेऊन, लोकांच्या घरात बसलेल्या त्या बॉक्सेसमधलं डिस्कवर साठवणं आणि परत दाखवणं बंद करा, फक्त १,९२,७०८ बॉक्सेस सोडून. एकोस्टारने काय केलं, त्याच बॉक्सेसमध्ये नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि म्हणाले आता हे उल्लंघन करणारे बॉक्स राहिलेच नाहीत, मग बंद कशाला करायचे!

युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण हुकुमात 'उल्लंघन करणारे' याची व्याख्याच मॉडेल नंबरने केलेली, सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्नच त्यात नाही. हुकूम जास्त व्यापक वाटत होता तर तेव्हाच्या अपिलात सांगायचं होतं, तिथे हा मुद्दा काढलाच नाही. २० एप्रिल २०११ ला फेडरल सर्किटच्या, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकन कोर्टाच्या, बारा जजेसनी मिळून निकाल दिला आणि सात विरुद्ध पाच मतांनी सांगितलं की हुकुमाचा दुसरा भाग मोडून कोर्टाचा अवमान झालाय, आता व्यापकतेची तक्रार करायची वेळ गेली. आणि पहिला भाग, म्हणजे नवं डिझाइन उल्लंघन करतं का, तो उलट परत खालच्या कोर्टाकडे पाठवला, कारण अवमान तपासायची पद्धतच कोर्टाने बदलली: आता आधी बघायचं की जुन्या आणि नव्यात खरा फरक आहे की नुसता रंग लावलाय. म्हणजे ते आठ हजार तास तांत्रिकदृष्ट्या कदाचित बरोबरही असतील, ते कोणी शेवटपर्यंत तपासलंच नाही, कारण दोन मे ला तडजोड झाली.

वकिलाचं मत खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, स्टार्टअपवाल्यांनो हे तुमच्यासाठी. त्याच २०११ च्या निकालात स्पष्ट आहे की चांगल्या हेतूने केलं हा अवमानाच्या आरोपावर बचाव होत नाही. आणि त्याआधी २००६ मध्ये याच भांडणात दुसरा धडा झाला होता. एकोस्टारने मुद्दाम केलं नाही हे दाखवायला स्वतःच्या पगारी वकिलांच्या सल्ल्याचा आधार घेतला, तर कोर्ट म्हणालं ठीक, मग त्याच विषयावर बाहेरच्या वकिलांशी जे बोललात त्याची गुप्तताही गेली. एक पान दाखवायला काढलं आणि अख्खी फाइल टेबलावर आली.

'टीव्हो अर्धी हरली होती' असंही ऐकतो. जानेवारी २००८ च्या अपिलात हार्डवेअरचे क्लेम खरंच पडले, आणि कशावरून माहितीये? 'ॲन एमपेग स्ट्रीम' मधल्या 'ॲन' वरून. कोर्ट म्हणालं इथे त्याचा अर्थ एकच स्ट्रीम, व्हिडिओ आणि ऑडिओ एकत्र गुंफलेला, आणि एकोस्टारचा बॉक्स व्हिडिओ आणि ऑडिओ वेगळे ठेवत होता. आपल्या भाषेत ही 'अ' 'ॲन' भानगडच नाही म्हणून आपले लोक इंग्रजी क्लेम वाचताना ते सरळ गाळून वाचतात, तेवढं करू नका. पण सॉफ्टवेअरचे क्लेम टिकले आणि भरपाई एक डॉलरनेही कमी झाली नाही, सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला आणि व्याजबीज धरून १० कोटींच्या वर रक्कम गेली. मग तडजोडीचे ५० कोटी, त्यातले ३० लगेच आणि बाकीचे सहा वर्षांच्या हप्त्यांनी. त्यानंतर एटी अँड टी, व्हेरायझन यांनीही टीव्होशी मिटवलं.

कॉपीराइट इथे मिसळू नका. डिशच्या हॉपर बॉक्सवर जाहिराती गाळण्यावरून चॅनलवाल्यांनी २०१२ मध्ये भांडण काढलं ते कॉपीराइटचं, पेटंटशी त्याचा संबंध नाही. आणि तुमच्या घरच्या बॉक्सचं पेन ड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या टीव्हीवर लागत नाही ना, ते पेटंटमुळे नाही, ते त्या बॉक्सच्या किल्लीने कुलूपबंद असतं म्हणून, बॉक्स बदलला की जुनं रेकॉर्डिंग गेलंच समजा.

शेवटची चूक, आजही ३८९ ला, म्हणजे त्याच ६२३३३८९ नंबरच्या पेटंटला, घाबरणं. अर्जापासून २० वर्षं धरा, ३० जुलै २०१८ ला ते संपलं, आणि मुळात ते अमेरिकेपुरतंच होतं. नंतरची पेटंटं मात्र आहेत, फक्त ती टीव्होच्या नावाने शोधत बसू नका: २०१६ मध्ये रोव्ही नावाच्या कंपनीने टीव्हो घेतली, २०२० मध्ये ती एक्सपेरी या कंपनीत गेली, आणि २०२२ मध्ये पेटंटांचा धंदा वेगळा होऊन त्याचं नाव अडिया झालं.