मोरिअल्टाला जाण्याआधी ॲम्ब्युलन्स कव्हर घ्या

ऑस्ट्रेलियात ॲडलेडला नवीन आलात की पहिल्या महिन्यातच कुणीतरी मोरिअल्टा या डोंगरातल्या पार्कचं नाव सुचवतं. शहरापासून जेमतेम दहा किलोमीटर, तीन धबधबे, तिकीट नाही. मग आपली मंडळी नाताळच्या सुट्टीत डबे भरून जातात आणि कोरडा कातळ बघून परततात. इथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, पाऊस थंडीत पडतो. पाणी बघायचं तर जुलै ते सप्टेंबर, तेही चांगला पाऊस होऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत. ठोसेघर मात्र मनात धरून जाऊ नका. फोर्थ क्रीक हा शेवटी ओढाच.

पहिल्या धबधब्याची वाट जाऊन-येऊन दोन किलोमीटर, बरीचशी सपाट. भारतातून आलेल्या आईबाबांना तेवढी पुरे. तिन्ही धबधब्यांचा फेरा सात किलोमीटरच्या वर जातो, चार तास धरा. उतारावर सुट्या बारीक खड्यांवरून पाय सटकतो, त्यामुळे गुळगुळीत तळाचे स्नीकर्स नकोत. पाणी घरूनच न्या.

उन्हाळ्यात निघण्याआधी सीएफएसच्या (इथल्या ग्रामीण अग्निशमन दलाच्या) साइटवर वणव्याच्या धोक्याचं रेटिंग बघा, आणि ते माउंट लॉफ्टी रेंजेसचं, कारण पार्क त्या डोंगररांगेत येतं. शहराचं बघून फसायला होतं. 'कॅटस्ट्रॉफिक' म्हणजे सर्वांत वरच्या रेटिंगच्या दिवशी पार्क बंद असतं, टोटल फायर बॅनच्या (उघड्यावर आग पेटवायला बंदी असलेल्या) दिवशीही बंद असू शकतं. सावली दिसली म्हणून मोठ्या गम ट्रीखाली (निलगिरीखाली) चटई पसरू नका. वारा नसतानाही या झाडांच्या जाड फांद्या अचानक मोडून पडतात.

ब्राऊन स्नेक हा विषारी साप इथे आहे. सॅकमध्ये १० ते १५ सेंटीमीटर रुंदीची दोन इलॅस्टिक बँडेज ठेवा. साप चावलाच तर माणसाला जागचं हलू देऊ नका, ००० या इमर्जन्सी नंबरला फोन करा. जखम धुऊ नका, कारण कातडीवरच्या विषावरून हॉस्पिटलला साप ओळखता येतो. चावल्या जागेवर एक बँडेज घट्ट बांधा, दुसरं बोटांपासून वर पूर्ण पायभर गुंडाळा आणि काठी बांधून पाय स्थिर करा. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत सोडायचं नाही. चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं हे सगळं गावी विसरून या.

आता खरा मुद्दा. मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, ॲम्ब्युलन्सचे पैसे देत नाही. पीआर (कायमचं वास्तव्य) मिळाली, मेडिकेअरचं हिरवं कार्ड आलं, आता सगळं फुकट, असं छातीठोक सांगणारे आपल्यातच पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. क्वीन्सलँडमध्ये तिथल्या रहिवाशांचा हा खर्च सरकार उचलतं, साउथ ऑस्ट्रेलियात नाही. इथे इमर्जन्सीला गाडी आली की बिल हजार डॉलरच्या पुढे, मग दुखणं मुरगळलेल्या घोट्याचं का असेना. एसए ॲम्ब्युलन्सचं वार्षिक कव्हर त्या मानाने किरकोळ आहे. ते घ्या, किंवा प्रायव्हेट पॉलिसीत इमर्जन्सी ॲम्ब्युलन्स आहे का ते स्वतः वाचा. विद्यार्थ्यांच्या हेल्थ कव्हरमध्ये ती असते. व्हिजिटर व्हिसावरच्या आईबाबांची पॉलिसी मात्र ओळ न् ओळ वाचा.

कुत्रा घरी ठेवा. ब्लूटूथ स्पीकरही.