बेट बोट घेताना रेंजच्या आकड्याला भुलू नका

कार्प मासे पकडायला आमिष दूर नेऊन टाकणारी रिमोटची छोटी बोट, म्हणजे बेट बोट (bait boat), घेणार असाल, तर आधी तुमच्या तळ्याचे नियम वाचा. इंग्लंडमधल्या बऱ्याच तळ्यांवर तिला बंदी असते.

जाहिरातीतली ५०० मीटर रेंज विसरा; एवढ्या लांबून ती डोळ्याला धड दिसतही नाही. सिग्नल तुटला तर ती आपोआप परत येते का, ते विचारा. त्यासाठी जीपीएस लागतं. विक्रेत्याला ती पाण्यात सोडून रिमोट बंद करून दाखवायला सांगा. कां-कूं करू लागला, तर समजून जा.

मग बोट उलटी करा. उघड्या पंख्यात पाणवनस्पती आणि तुमच्याच गळाची दोरी गुंडाळली जाते, त्यामुळे जाळी हवीच. पाण्याचा झोत मागे फेकून बोट ढकलणाऱ्या जेट ड्राइव्हला हा त्रास कमी, पण त्याचीही जाळी शेवाळाने तुंबते. बॅटरीच्या झाकणाची रबरी कड बोटाने दाबून पाहा. पाणी शिरतं ते बहुधा तिथून, नाहीतर पंख्याच्या दांड्याजवळून. लिथियम बॅटरी हलकी खरी, पण तापमान शून्याखाली असताना ती चार्ज करू नये. आणि सुटे भाग मिळत नसतील, तर कितीही स्वस्त असली तरी ती बोट सोडून द्या.