बँड फिका दिसला म्हणून लगेच पेढे वाटू नका

सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) इन्फेक्टेड सेल्सवर कंपाऊंड टाकलं, ब्लॉट केला (म्हणजे प्रोटीनं वेगळी करून हवं ते अँटीबॉडीने शोधलं), फॉस्फोचा, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या प्रोटीनचा, बँड गायब, की आमच्याकडची नवीन पोरं धावतात, "ताई, कायनेज ब्लॉक झाला!" (कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम.) मीपण धावले होते एकेकाळी. पण बँड जायला कारणं दोन असू शकतात. एकतर कंपाऊंडने कायनेज खरंच अडवला, नाहीतर व्हायरसची वाढच खुंटली आणि कायनेज मुळात बनलाच कमी. हे दोन वेगळे कसे करायचे तेवढंच सांगते.

आधी औषधं नीट डोक्यात बसवा, व्हायवात इथेच गोंधळ होतो. गॅन्सिक्लोव्हिर नुसतं काही करत नाही, त्याला पहिलं फॉस्फेट लावतो व्हायरसचाच यूएल९७ कायनेज, पुढची दोन आपल्या पेशीतले कायनेज लावतात आणि मग ते ट्रायफॉस्फेट व्हायरसच्या डीएनए पॉलिमरेजला, म्हणजे डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमला, अडवतं. (हर्पीस सिम्प्लेक्समध्ये असायक्लोव्हिरसाठी हेच पहिलं काम थायमिडीन कायनेज करतो.) फॉस्कारनेटला फॉस्फेट-बिस्फेटचे लाड लागत नाहीत, ते थेट पॉलिमरेजवर जातं. आणि मॅरिबाव्हिर, जे अमेरिकेत २०२१ ला मंजूर झालं, ते यूएल९७लाच धरतं. म्हणूनच मॅरिबाव्हिर आणि गॅन्सिक्लोव्हिर एकत्र देत नाहीत, एक औषध दुसऱ्याला तयारच होऊ देत नाही.

आता प्लेट. प्लेट ह्युमन फायब्रोब्लास्टने (त्वचेसारख्या ऊतीतल्या पेशी) पूर्ण भरू द्या आणि सिरम कमी करून सेल्स शांत करा, कारण आपण बघणार आहोत आरबी (रेटिनोब्लास्टोमा) प्रोटीनचं फॉस्फोरायलेशन, म्हणजे त्याला फॉस्फेट लागणं; ते यूएल९७ करतो, आणि वाढणाऱ्या सेल्समध्ये पेशीचे स्वतःचे सीडीके (पेशीचं विभाजन चालवणारे कायनेज) पण करतात, मग यूएल९७चं काम कुठलं आणि त्यांचं कुठलं काही कळत नाही. आरबी का, तर ते पेशीचं स्वतःचं प्रोटीन आहे, व्हायरसची वाढ थांबली म्हणून ते बनायचं थांबत नाही. एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून दाखवणारी टेस्ट) करून कंपाऊंडने सेल्सच मरत नाहीत ना हे आधीच बघून ठेवा.

वेल्स (प्लेटमधले खड्डे) अशा लावा: इन्फेक्शन नाही, नुसतं इन्फेक्शन, आणि इन्फेक्शनसोबत तुमचं कंपाऊंड, मॅरिबाव्हिर, फॉस्कारनेट. सगळा खेळ या शेवटच्या वेलवर आहे. फॉस्कारनेटने डीएनए बनणं थांबतं पण सुरुवातीची प्रोटीनं बनतातच, म्हणजे तिथे फॉस्फो-आरबी दिसायला हवं. मॅरिबाव्हिरमध्ये ते जायला हवं. तुमचं कंपाऊंड या दोघांपैकी कोणासारखं वागतं ते बघा.

४८ तासांनी हार्वेस्ट करा, म्हणजे सेल्स गोळा करा, आणि शुक्रवारी इन्फेक्ट करू नका हो, ४८ तास बरोबर रविवारी मेगाब्लॉकमध्ये भरतात.

हार्वेस्टला सगळं बर्फावर. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट त्याच दिवशी घाला, ते फॉस्फेटेजला, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला, अडवतात. मी एकदा विसरले, पेशीतल्या फॉस्फेटेजने सगळी फॉस्फेटं काढून टाकली आणि पाचही लेन कोऱ्या, मी मात्र दोन दिवस अँटीबॉडीला शिव्या घालत बसले. ब्लॉकिंगला (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉट झाकायला) दूध नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे त्यामुळे पाठी सगळं काळं येऊ शकतं. टोटल आरबीचा (फॉस्फेट असो वा नसो, सगळ्या आरबीचा) ब्लॉट सोबत हवाच, आणि यूएल९७चाही, त्याशिवाय फॉस्फोच्या बँडला काही अर्थ नाही. एका सॅम्पलला लॅम्डा फॉस्फेटेज देऊन बँड जातो का तेही बघून घ्या, नाहीतर अँटीबॉडी भलतंच काहीतरी धरत असेल.

वेगळ्या प्लेटचं सुपरनेटंट (सेल्सवरचं द्रव) टायटरसाठी, म्हणजे त्यात किती व्हायरस आहे ते मोजायला, ठेवा. सीएमव्हीचे प्लाक (व्हायरसने सेल्स मारून पडलेले ठिपके, तेच मोजायचे) यायला दीड-दोन आठवडे जातात.

तरी खात्री वाटत नसेल तर टी४०९एम म्युटंट (यूएल९७मध्ये एक बदल झालेला व्हायरस) वापरा, ज्यावर मॅरिबाव्हिर चालत नाही. त्यात तुमचं कंपाऊंडही फेल गेलं तर दोघं एकाच जागी बसत असावेत. फेल नाही गेलं तर मात्र उलटा निष्कर्ष काढू नका, ते यूएल९७वरच दुसऱ्या कोपऱ्यात बसत असेल, मग प्युरिफाइड एन्झाइम घेऊन ट्यूबमध्ये कायनेजची चाचणी (अ‍ॅसे) करावीच लागते.