सोनारवर क्रॅपी दिसतात, पण गळाला लागत नाहीत? या चुका टाळा

डॅलसच्या आसपासच्या मराठी मंडळींना हल्ली गरवण्याचं चांगलंच वेड लागलंय. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रमाबद्दल. आधी बोट येते, मग बोटीच्या नाकाशी लाइव्ह सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं त्याच क्षणाचं चित्र दाखवणारं यंत्र) आणि मोठा स्क्रीन, आणि दोरीला गाठ कशी मारायची हे सगळ्यात शेवटी. मग फोन येतो, "काका, मासे ढिगाने दिसतायत, पण एक लागेल तर शपथ. मशीन बदलून घेऊ का?"

मशीन बदलू नका. मासे शोधायचं काम त्याने केलेलंच असतं. पुढचं आपण बिघडवतो, आणि तेही जवळजवळ सगळेजण एकाच पद्धतीने.

नवख्यांसाठी दोन ओळी. क्रॅपी हा सनफिश कुळातला गोड्या पाण्यातला मासा, काळा आणि पांढरा अशा दोन जातींचा. काळा बुडालेल्या झाडाझुडपांना धरून राहतो. पांढऱ्याला गढूळ पाणी चालतं आणि तो शॅड माशांच्या थव्यामागे मोकळ्या पाण्यातही भटकतो. हा फरक पुढे कामाला येईल. आणि जिग म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, त्यावर आमिष म्हणून मऊ प्लास्टिक.

स्क्रीनवर जिग माशासमोर, पाण्यात भलतीकडे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

गार्मिनचा लाइव्हस्कोप 2018 मध्ये आला, मागोमाग लोरन्स आणि हमिनबर्डनेही आपापली यंत्रं काढली. या सगळ्यांच्या 'फॉरवर्ड', म्हणजे बोटीच्या पुढच्या पाण्याच्या चित्रात दोनच गोष्टी कळतात: मासा किती लांब आहे आणि किती खोल आहे. डावं-उजवं त्यात नसतं. ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा पाण्यातला भाग, त्याचा बीम मात्र डावी-उजवीकडे पसरलेला असतोच. लाइव्हस्कोपच्या एलव्हीएस34 ट्रान्सड्यूसरचा बीम उभा 135 अंश आणि आडवा 20 अंश आहे. 20 अंश म्हटलं की कमी वाटतात. पण 30 फुटांवर हा बीम साडेदहा फूट रुंद होतो, 50 फुटांवर साडेसतरा. म्हणजे स्क्रीनवर जिग माशाच्या अगदी तोंडाशी दिसत असली, तरी पाण्यात ती त्याच्यापासून दहा फूट बाजूला असू शकते.

एका तरुण मित्राबरोबर नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधल्या लेक फोर्कला गेलो होतो. फोर्कचं धरण 1980 चं, आणि पाण्याखाली आजही खोडांचं रान उभं आहे, म्हणजे क्रॅपीची सोयच. या पठ्ठ्याने 'चित्र चुकीचं दाखवतंय' म्हणून दुकानदाराशी भांडून ट्रान्सड्यूसर बदलूनही घेतला होता. 25 फूट पाणी. 14 फुटांवर एका खोडाभोवती दहा-बारा मासे, एकदम स्वच्छ दिसत होते. त्याने जिग फेकली. स्क्रीनवर ती बरोबर त्यांच्या डोक्यावर आली. मासे ढिम्म. परत फेकली, परत तेच. "बघा काका, यांना भूकच नाहीये."

मी त्याच्या स्क्रीनकडे बघतच नव्हतो. माझं लक्ष ट्रान्सड्यूसरच्या दांड्यावर होतं. ट्रान्सड्यूसर कुठे रोखलाय ते दाखवणारा दांड्यावरचा बाण होता एका खोडाकडे आणि याच्या रॉडचं टोक होतं दुसऱ्याच खोडाच्या दिशेला. दांडा हातात घेतला आणि सावकाश डावीकडे नेला. मासे ठळक होत गेले, जिग फिकी होत होत गायब झाली. मग उजवीकडे आणला. जिग लख्ख, मासे पुसट. मासे डावीकडे खोडाला लागून, आणि याची जिग उजवीकडे मोकळ्या पाण्यात. दुकानदाराने काय काय ऐकून घेतलं असेल त्या दिवशी, देव जाणे.

मग त्याला म्हटलं, मासे सगळ्यात ठळक दिसतील तिथे दांडा थांबव आणि बाणाच्या रेषेत टाक. त्याने टाकली. पहिल्याच फेकीला दोरी सैल पडली. ओढ लागण्याऐवजी सैल कशी पडली म्हणून हा बघत बसला, तेवढ्यात मासा जिग थुंकून मोकळा.

आता माझी सवय सांगतो. पाण्यावर गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी मासे शोधतच नाही. मोकळ्या पाण्यात 20 फुटांवर जिग टाकायची, ती स्क्रीनवर दिसेपर्यंत दांडा फिरवायचा, आणि दिसली की बाण नेमका कुठे आहे ते बघून ठेवायचं. बाण दोरीच्या रेषेत नसेल तर तो पक्कड घेऊन सरळ करायचा. बरोबर आलेल्यांना या दहा मिनिटांचा भयंकर कंटाळा येतो. येऊ दे. आणि जमलं तर ट्रान्सड्यूसर ट्रोलिंग मोटारवर (बोट सावकाश हलवणारी छोटी विजेची मोटार) न बसवता हाताने फिरवायच्या वेगळ्या दांड्यावर बसवा. मोटारवर बसवला की मोटार वळेल तसा तोही वळतो, आणि बोट एका जागी धरून ठेवायला स्पॉट-लॉक लावलं की मोटार सारखी आपल्या मनाने वळत राहते. मग तुमचे मासे दर अर्ध्या मिनिटाला 'गायब' होतात.

जिग माशाच्या खाली नेणं

क्रॅपीच्या डोळ्यांची ठेवणच अशी आहे की त्याला वरचं चांगलं दिसतं. तो वर बघतो आणि वर येऊन खातो. जिग त्याच्या खाली गेली की तुमचं आमिष त्याच्या दृष्टीने संपलं. एवढी साधी गोष्ट, तरी दहातले नऊजण मासा 14 फुटांवर दिसला की जिग 16 फुटांपर्यंत सोडतात आणि मग चिमटीत धरून नाचवतात.

जिग माशाच्या फूट-दीड फूट वर थांबवा आणि हात आवरा. खरंच आवरा. एक सोळांश औंसाची जिग, तिच्यावरचं मऊ प्लास्टिक, बोटीचं डुलणं, एवढ्यावर ती हवी तेवढी हलते. मासा बघत राहिला पण वर येत नसेल, तर जिग सावकाश आणखी अर्धा फूट वर घ्या. पळणाऱ्या घासामागे क्रॅपी बऱ्याचदा येतो. थंड पाण्यात त्याला विचार करायला वेळ लागतो, आणि नेमका तेवढा वेळ कोणी देत नाही. सगळ्यांना व्हिडिओत दिसतं तसं तीन सेकंदांत हवं असतं. त्या व्हिडिओतली मधली दोन तासांची रिकामी बैठक कापलेली असते हो.

लाइव्ह सोनार नसेल तरी अडत नाही. 10-12 फुटी रॉड घ्या, दोरीवर मार्करने खुणा करा आणि सरळ खाली सोडा. माझ्या माहितीतले सगळ्यात जास्त क्रॅपी पकडणारे गृहस्थ अजून याच पद्धतीने गरवतात.

आणि हो, दोरी सैल पडली म्हणजे मासा जिग तोंडात घेऊन वर आलाय. तेव्हा रॉड नुसता उचला. क्रॅपीच्या तोंडाचं कातडं कागदाइतकं पातळ असतं. बास मासा पकडणाऱ्यांसारखा हिसका मारलात तर ओठ फाटतो आणि गळ रिकामा येतो.

होऊन गेलेल्या गोष्टीवर गळ टाकणं

बोटीच्या सरळ खालचं दाखवणाऱ्या साध्या टूडी सोनारमध्ये स्क्रीनची उजवी कड म्हणजे आत्ता. बाकी सगळी स्क्रीन म्हणजे होऊन गेलेला इतिहास. मधोमध सुंदर कमान दिसली, म्हणजे तो मासा काही सेकंदांपूर्वी बोटीखाली होता. बोट एका जागी उभी असेल तर तळाची एकसारखी रेघ सरकत राहते आणि एकच मासा लांबच लांब पट्टा होऊन दिसतो. लोक त्याला 'केवढा मोठा' म्हणून फोटो काढतात.

किती पाणी दिसतंय तेही लक्षात घ्या. 200 किलोहर्ट्झला 20 अंशांचा शंकू धरला, तर तळाशी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश असतो. 24 फूट पाण्यात आठ-साडेआठ फूट. तळं केवढं आणि तुम्ही बघताय केवढंसं.

बाकीच्या, थोडक्यात

माशांची चित्रं दाखवणारी सेटिंग बंद करा. फांदी, बुडबुडे, पालापाचोळा, यंत्राला सगळ्यात मासा दिसतो.

साइड इमेजिंगने (बोटीच्या दोन्ही बाजूंचं दाखवणारं सोनार) झुडपं शोधताना ताशी तीन ते पाच मैलांनी सरळ रेषेत चाला. वळताना येणारं चित्र ताणलं जातं, त्यावर विश्वास ठेवू नका. पल्ला दोन्ही बाजूंना 60 ते 80 फूट पुरे. 150 फूट लावलात तर झुडपाभोवती शितांसारखे विखुरलेले क्रॅपी दिसणारच नाहीत.

वेपॉइंट (यंत्राच्या नकाशावर जागेची खूण) मारताना कर्सर त्या झुडपावर नेऊन मारा. नुसतं बटण दाबलं की बोट जिथे आहे तिथली खूण पडते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही झुडपापासून 50 फूट लांब, रिकाम्या पाण्यावर बसून तळ्याला शिव्या देता.

फक्त तळ आणि झाडं बघत बसू नका. पांढरे क्रॅपी 30 फूट पाण्यात 12 फुटांवर अधांतरी तरंगत असतात. शॅडचा ढग दिसला की त्याच्या आसपास नीट बघा.

उन्हाळ्यात सेन्सिटिव्हिटी वाढवली की एका ठरावीक खोलीवर धुरकट आडवा पट्टा दिसतो. तो थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी यांच्यामधला थर. त्याच्या खाली प्राणवायू फारच कमी असतो, म्हणून खाली दिसणाऱ्या ठिपक्यांच्या मागे लागू नका. मासे वरच असतात.

स्क्रीनवर उभ्या रेघा येत असतील किंवा यंत्र अधूनमधून आपोआप बंद होत असेल, तर आधी बॅटरी बघा. सोनारला वेगळी बॅटरी द्या, जाड वायर थेट तिच्यापासून आणा, मध्ये फ्यूज घाला. ट्रोलिंग मोटारची केबल आणि ट्रान्सड्यूसरची केबल एकत्र बांधू नका. बोटीतल्या जुन्या बारीक वायरवर जोडून 'सध्या चालतंय ना' म्हणणाऱ्यांना मी मदत करायचं सोडलंय.

माशांच्या डोक्यावर बोट नेऊ नका. 20 ते 30 फूट लांब थांबा, वाऱ्याकडे नाक करून. मोटार सारखी चालू-बंद करण्यापेक्षा कमी वेगावर सलग चाललेली बरी. चालू-बंदच्या आवाजाने मोठे मासे आधी हलतात, आणि लाइव्ह सोनार असेल तर ते जाताना दिसतातसुद्धा.

पकडल्यानंतरची चूक

25-30 फुटांच्या खालून ओढून काढलेला क्रॅपी परत सोडला म्हणजे जगलाच असं नाही. वर येताना त्याची हवेची पिशवी फुगते आणि तो पृष्ठभागावर उताणा तरंगत राहतो. लहान निघाला म्हणून सोडायचा, पुन्हा मोठा शोधायचा, असं खोल पाण्यात करत बसलात तर सोडलेल्यांचाही जीव घेता. टेक्सासमध्ये क्रॅपीला किमान 10 इंच लांबी आणि माणशी दिवसाला 25 ही मर्यादा आहे. फोर्कवर मात्र हिवाळ्यासाठी, डिसेंबर ते फेब्रुवारी, याच कारणाने उलटा नियम चालत आलाय: लांबीची अट नाही, पण पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवायचा, आणि 25 झाले की क्रॅपी गरवणं थांबवायचं. त्या दिवसांत मासे खोल असतील तर थोडेच पकडा आणि घरी न्या, रवा लावून तळायला फार छान लागतात. परवान्याचं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं, तेव्हा टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचे त्या वर्षीचे नियम एकदा वाचून काढा. आणि भारतातून आलेल्या आईबाबांच्या हातात बोटीवर सहज म्हणून रॉड देणार असाल, तर त्यांचाही एक दिवसाचा परवाना आधी काढा. वॉर्डन आला की 'नुसता धरायला दिला होता' चालत नाही.